गाडीचा एसी थंड करत नाही? गॅस भरण्यापूर्वी दोष ओळखा

उन्हाळा सुरू झाला की "गाडीचा एसी थंड करत नाही" ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तिच्यावर बहुधा एकच उपाय सांगितला जातो, गॅस संपला, भरून घ्या. आपण पैसे देतो, महिनाभर बरे वाटते आणि पुन्हा तेच. मालासाठी भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा फेऱ्या भर उन्हात करणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांना हा खर्च दरवर्षी सोसावा लागतो. म्हणून गॅरेजची पायरी चढण्यापूर्वी दोष कोठे आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे ते येथे देत आहोत.

प्रथम एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. एसीचा गॅस पेट्रोलप्रमाणे जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये आतली उष्णता शोषून घेतो. रबरी नळ्यांतून अनेक वर्षांत थोडा झिरपतो हे खरे, पण एका वर्षात गॅस संपला तर कोठेतरी लिकेज आहे असेच समजावे. लिकेज न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

तपासणीची तयारी

गाडी उघड्यावर, सावलीत उभी करावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, धुरातील विषारी वायूने जीव जाऊ शकतो. गिअर न्यूट्रलमध्ये व हँडब्रेक ओढलेला असावा. कुर्त्याच्या बाह्या दुमडून घ्याव्यात, रुमाल-मफलर काढून ठेवावा. फिरत्या पट्ट्याजवळ व पंख्याजवळ हात नेऊ नये.

१) हवा कमी की थंडावा कमी?

ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवून जाळीपुढे हात धरावा. हवेचा जोरच कमी असेल तर गॅसचा संबंध बहुधा नसतो. केबिन फिल्टर पाहावा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो व हाताने निघतो. कापडाच्या पेठेत वावरणाऱ्या गाड्यांत धूळ आणि कापसाचे तंतू जमून तो लवकर तुंबतो. सुरुवातीला हवा जोरात येते, तासाभराने कमी होते आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा सुधारते, असे होत असेल तर कॉइलवर बर्फ जमतो आहे असे समजावे.

२) थंडाव्याचे माप

काचा बंद करून, आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबून, इंजिन थोडे वाढवून दहा मिनिटे एसी चालवावा. मग मधल्या जाळीत साधा थर्मामीटर धरावा. तापाचा थर्मामीटर येथे चालत नाही. बाहेर ३५ अंश असताना आत साधारण ८ ते १२ अंशांची हवा यावी. ४० च्या वर पारा गेला तर थोडी कमी थंड हवा येणे स्वाभाविक आहे.

३) कॉम्प्रेसर फिरतो का?

एसी चालू करताच बहुतेक गाड्यांत 'टक' असा आवाज येतो व पुलीसोबत तिच्या पुढची चकती फिरू लागते. चकती स्थिर राहिली तर फ्यूज व रिले पाहावे. गॅस फारच कमी असेल तरीही सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही. काही नव्या गाड्यांत असा क्लच नसतो, तेथे ही खूण लागू पडत नाही.

४) पंखा आणि कंडेन्सर

गाडी धावताना एसी थंड आणि सिग्नलवर गरम, हे पंखा बंद असल्याचे किंवा कंडेन्सर मातीने भरल्याचे लक्षण आहे. इंजिन थंड असताना साध्या पाइपने, हलक्या धारेने जाळी धुवावी. जोराच्या फवाऱ्याने तिची पाती वाकतात.

५) लिकेजची खूण

गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते. इंजिन बंद करून नळ्यांचे सांधे पाहावेत. जेथे तेलकट डाग व त्यावर चिकटलेली धूळ दिसेल, तेथे संशय धरावा. मात्र गाडीखाली ठिबकणारे स्वच्छ पाणी म्हणजे लिकेज नव्हे, ती हवेतील ओल असते. तेच पाणी आत पायाखाली येऊ लागले तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

घरी काय करू नये

सांधे उघडू नयेत, गॅस स्वतः भरू नये. द्रव गॅस अंगावर उडाल्यास कातडी गोठते, डोळाही जाऊ शकतो. स्वस्तात म्हणून स्वयंपाकाचा गॅस तर कदापि भरू देऊ नये. बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. हवेत सोडला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटीहून अधिक पृथ्वी तापवतो. काही नव्या गाड्यांत दुसरा गॅस असतो. दोन्ही मिसळू नयेत, बॉनेटखालची पट्टी वाचावी.

गॅरेजमध्ये काय विचारावे

आधी लिकेज शोधा, मग व्हॅक्यूम काढा, मग काट्यावर वजन करून गॅस भरा, असे स्पष्ट सांगावे. किती ग्रॅम भरायचा हे त्याच पट्टीवर लिहिलेले असते. लहान गाडीला साधारण अर्धा किलोपेक्षाही कमी लागतो. "थोडा जास्त घाला" असा आग्रह धरू नये. जास्त गॅसनेही थंडावा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण पडतो. बिलावर ग्रॅम लिहून घ्यावेत. आम्ही कापड मीटरने मोजून देतो, मग गॅस अंदाजाने का घ्यावा?

आमचे अनेक बांधव स्वतः हे काम करतात. त्यांनाही सांगणे आहे. फिल्टर तुंबलेला असताना गॅसचे पैसे घेणे हीदेखील मापातील खोट आहे आणि माप मारणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा दिला आहे. खरा दोष सांगणारा कारागीर आज शंभर रुपये कमी कमावेल, पण गिऱ्हाईक आयुष्यभराचे जोडील. आणि गिऱ्हाइकानेही दोष शोधण्याच्या मेहनतीची मजुरी घासाघीस न करता, घाम वाळण्यापूर्वी द्यावी, हीच आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण आहे. दोघांनी आपापले माप सांभाळले तर इन्शाअल्लाह एसीही टिकेल आणि रोजीतली बरकतही.