पांदणीत पाय टाकण्याआधी

पोरी, कृषी खात्यात लागलीस आणि नेमणूकही दर्यापूरकडे. म्हणजे मृगापासून पोळ्यापर्यंत तुझे पाय चिखलातच. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात तू या मातीचा अभ्यास केलास. पाणी पिऊन फुगणाऱ्या चिकणमातीतलं मॉन्टमोरिलोनाइट तुला तोंडपाठ. पण तिच्यावर उभं कसं राहायचं, ते परीक्षेत कोणी विचारत नाही.

धो धो पावसाला भिऊ नको, भुरभुरीला भी. पाऊस दणकून झाला की पाय घोट्यापर्यंत रुततो, चप्पल मातीतच राहते, चालून जीव मेटाकुटीला येतो; पण माणूस सहसा पडत नाही. फसवते ती उन्हानं टणक झालेल्या पांदणीवर पडलेली हलकी सर. वरचा पातळ थर तेवढा भिजतो, खाली जमीन कडक, पायाला धरायला काहीच नाही. अशा वेळी चप्पल हातात घे. बोटं मातीत रोवता येतात. बाभळीखालून जाताना मात्र काटे पाहून.

पाऊल आखूड टाक. टाच आधी टेकू नको, अख्खा तळवा ठेव. अंगाचा भार त्या पायावर पुरता आला की मगच मागचा उचल. गुडघे जरा वाकलेले. कॅनडातला तुझा मामेभाऊ सांगत होता, तिकडे बर्फावर पेंग्विनसारखं चालायला शिकवतात. म्हटलं, बाप्पा, त्याले पेंग्विन कायले पायजे? आपल्या बाया निंदून येताना डोक्यावर गवताचा भारा घेऊन अशाच तर चालतात!

गाडीच्या चाकोरीत उतरू नको, दोन चाकोऱ्यांमधल्या गवतावरून चाल. धुऱ्यावरून जायचं तर काठी आपटत जा, तिथं साप असतो. काठी बांबूची. वाटेत पडलेली तुराटी उचलून टेकशील, तर नेमका भार आल्यावर मोडेल. फोन पिशवीत.

तोल गेलाच तर हात टेकून सावरायला जाऊ नको, मनगट तिथंच मोडतं. हातातलं सोड, गुडघे मोड आणि एका अंगावर बस. कपडे धुता येतात.

मैत्रिणींबरोबर श्रावणात चिखलदऱ्याला जाशीलच. तिथलं गणित निराळं. १,११८ मीटर उंची, पावसाळाभर धुकं. खडक वाळतच नाहीत. हिरवं शेवाळ निदान दिसतं, ओल्या दगडावरचा काळपट बुळबुळीत थर दिसत नाही आणि तोच पाडतो. तिथं अनवाणी पायाचा उपयोग नाही, खोल खाचांचा बूट हवा. शंका आली तर लाज न बाळगता बसून सरक. भीमकुंडाच्या कडेला फोटोसाठी उभं राहणं तर नकोच.

आणि दिवसभर शेतात सांभाळून चाललेली माणसं घरी आल्यावर पडतात. तुझ्या काकानं ओसरीवर चकचकीत टाइल्स बसवल्यात. पाय बाहेरच धू, पोत्यावर कोरडे कर, मग आत ये.