सहानुभूतीचा हात कोणाच्या खांद्यावर?

(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

मी नववीत असताना आमच्या शाळेतील खो-खोच्या सरांना कामावरून दूर करण्यात आले. सरावाला उशीर झाला म्हणून त्यांनी संघातील एका मुलाला छडीने मारले होते आणि त्यात त्याच्या मनगटाचे हाड मोडले होते. पंधरवड्याने तालुका स्पर्धेचा बक्षीस समारंभ झाला. तेथे इतर शाळांचे तीन क्रीडाशिक्षक एकामागून एक बोलायला उभे राहिले. "असा शिस्तीचा माणूस पुन्हा मिळणे नाही", "क्षणाच्या रागाने वीस वर्षांच्या सेवेवर पाणी पडले", असे ते कळवळून बोलले. आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांना परत घ्यावे असा अर्जही आम्ही मुलांनी केला. त्यावर माझी सही होती. तो मुलगा मांडवाच्या कडेला गळ्यात हात अडकवून उभा होता. त्याच्याविषयी व्यासपीठावरून कोणी अवाक्षरही काढले नाही.

हा प्रसंग मी विसरून गेलो होतो. यंदा वर्गात व्यावसायिक गटांतील परस्परनिष्ठा हा भाग शिकताना अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा उल्लेख निघाला. त्याविषयी वाचू लागलो आणि ते तीन क्रीडाशिक्षक पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहिले. बदनाम झालेल्या सहकाऱ्याविषयी प्रशिक्षक जाहीर सहानुभूती का दाखवतात आणि त्या सहानुभूतीची किंमत कोण मोजतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रशिक्षकांची घराणी

अमेरिकेतील फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, शिरस्त्राण घालून, अंगाला अंग भिडवून तो खेळतात. नवल वाटते ते त्याच्या व्यापाचे. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील 'पेन स्टेट' विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीशी संबंधित नोकरांपैकी सर्वाधिक पगार राज्यपालाला नव्हे, तर विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाला मिळतो.

असे असूनही हे जग लहान आहे. वरच्या श्रेणीत सुमारे एकशेतीस संघ. आजचा साहाय्यक उद्या दुसऱ्या विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक होतो आणि आपले साहाय्यक घडवतो. आपल्या गायकीत जशी घराणी, तशी तेथे प्रशिक्षकांची घराणी आहेत. ओहायो स्टेट विद्यापीठात वुडी हेज हे २८ हंगाम प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली अर्ल ब्रूस तयार झाले, आणि ब्रूस यांच्या हाताखाली अर्बन मायर. अशा जगात एखाद्यावर आळ आला की इतरांना तो आपल्या घरातलाच वाटतो. शिवाय 'आज तो, उद्या मी' ही भीती प्रत्येकाच्या मनात असतेच.

या आपुलकीला नावे ठेवण्याचे कारण नाही. डिसेंबर १९७८ मध्ये एका सामन्यात वुडी हेज यांनी प्रतिस्पर्धी क्लेमसन संघाच्या खेळाडूला सर्वांदेखत ठोसा मारला. दुसऱ्याच दिवशी त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांचे जुने शिष्य आणि पुढे मिशिगनचे प्रशिक्षक म्हणून प्रतिस्पर्धी झालेले बो शेंबेकलर यांनी मात्र गुरूशी स्नेह सोडला नाही. त्यात कोणाचे काय बिघडले? चूक साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली होती आणि शिक्षाही झाली होती. दंड झालेल्या माणसाला माणसे उरावीत, हे योग्यच आहे.

अडचण येते ती वेगळ्या ठिकाणी.

पॅटर्नो यांचे प्रकरण

जो पॅटर्नो १९६६ पासून पेन स्टेटचे मुख्य प्रशिक्षक होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांनी मोठ्या देणग्या दिल्या होत्या. खेळाडूंनी अभ्यासही केला पाहिजे असा त्यांचा आग्रह असे. त्यांचे अनेक वर्षांचे साहाय्यक जेरी सँडस्की १९९९ मध्ये निवृत्त झाले. गरजू मुलांसाठी त्यांनी एक संस्था काढली होती. २००१ मध्ये एका तरुण साहाय्यकाने पॅटर्नो यांना येऊन सांगितले, की सँडस्की यांना स्नानगृहात एका लहान मुलाशी गैरकृत्य करताना आपण पाहिले. पॅटर्नो यांनी ते वरिष्ठांच्या कानावर घातले. पोलिसांपर्यंत गोष्ट गेली नाही. सँडस्की यांना अटक झाली ती थेट नोव्हेंबर २०११ मध्ये. जून २०१२ मध्ये ते ४५ आरोपांत दोषी ठरले.

अटकेनंतर चारच दिवसांनी विश्वस्तांनी पॅटर्नो यांना दूरध्वनीवरून बडतर्फ केले. त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी दूरचित्रवाणीची एक गाडी उलथवली. ते त्या मुलांसाठी रस्त्यावर आले नव्हते, प्रशिक्षकासाठी आले होते. ड्यूक विद्यापीठाचे विख्यात बास्केटबॉल प्रशिक्षक माइक शेशेव्हस्की यांनी, पॅटर्नो ८४ वर्षांचे आहेत आणि त्यांच्या पिढीत असे प्रश्न हाताळण्याची रीत वेगळी होती हे ध्यानात घ्यावे, असे म्हटले. जानेवारी २०१२ मध्ये पॅटर्नो वारले. त्यांच्या स्मृतिसभेत 'नाइकी' कंपनीचे संस्थापक फिल नाइट यांनी त्यांची जाहीर पाठराखण केली, तेव्हा सभागृह उभे राहिले.

ही सहानुभूती तपासून पाहिली तर तिच्यात तीन मुद्दे सापडतात: माणूस जुन्या काळातला होता, त्याला काढण्याची रीत चुकीची होती, त्याचे आयुष्यभराचे काम मोठे होते. हे तिन्ही मुद्दे खरे असू शकतात. पण व्याकरणाच्या तासाला आपण वाक्य सोडवतो तशी ही वाक्ये सोडवून पाहावीत. प्रत्येक वाक्याचा कर्ता प्रशिक्षक, कर्मही प्रशिक्षकच. ज्यांच्यावर अत्याचार झाला ती मुले कोणत्याच विभक्तीत सापडत नाहीत.

जुलै २०१२ मध्ये विद्यापीठाने नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला. पॅटर्नो यांच्यासह वरिष्ठांनी हे प्रकरण दडपले, असा ठपका त्यात होता. पॅटर्नो यांच्या कुटुंबाने तो अमान्य केला, हेही नमूद केले पाहिजे. परंतु नाइट यांनी आपले मत बदलले, आणि त्यांच्या कंपनीच्या आवारातील बालसंगोपन केंद्राला दिलेले पॅटर्नो यांचे नाव काढण्यात आले. फ्लॉरिडा स्टेटचे निवृत्त प्रशिक्षक बॉबी बाउडन हे पॅटर्नो यांचे जुने स्नेही. मैदानाबाहेरचा पॅटर्नो यांचा पुतळा हलवावा, असे त्यांनीही सांगितले. मैत्री न सोडता डोळे उघडे ठेवता येतात, ते असे.

हाताखालच्यांची निष्ठा

टेक्सासमधील बेलर विद्यापीठाचे उदाहरण याहून बोचरे आहे. विद्यार्थिनींवरील लैंगिक अत्याचारांच्या तक्रारींकडे फुटबॉल विभागाने दुर्लक्ष केले, असे चौकशीत निघाल्यावर मे २०१६ मध्ये प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स यांना दूर करण्यात आले. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या माजी साहाय्यकांनी त्यांच्या बचावासाठी संयुक्त निवेदन काढले. त्या वेळी ते सारे बेलरमध्येच नोकरीत होते; त्यांत ब्राइल्स यांचा मुलगाही होता. दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला ब्राइल्स यांच्या नावाची आद्याक्षरे छापलेले सदरे विकले गेले. पुढे २०२१ मध्ये राष्ट्रीय क्रीडा संघटनेच्या समितीने ब्राइल्स यांनी संघटनेचे नियम मोडल्याचे सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला, मात्र त्यांच्या वर्तनावर कठोर टीका केली. नियम न मोडणे आणि कर्तव्य करणे यांतले अंतर त्या निर्णयातच दिसते.

माझ्या मनात प्रश्न येतो तो निराळाच. त्याच आवारात शिकणारी, तक्रार करावी की नाही या विचारात असलेली एखादी मुलगी ते निवेदन वाचून काय समजली असेल? 'येथे तुझे ऐकणारे कोणी नाही' याखेरीज दुसरे काय?

वर ज्या घराण्याचा उल्लेख केला, त्यात २०१८ मध्ये असेच घडले. अर्बन मायर यांचा साहाय्यक झॅक स्मिथ याच्यावर पत्नीला मारहाण केल्याचे आरोप होते. तो अर्ल ब्रूस यांचा नातू, म्हणजे गुरूचा नातू. मायर यांनी त्याला वर्षानुवर्षे सांभाळून घेतले, आणि त्याबद्दल विद्यापीठाने त्यांना तीन सामन्यांसाठी निलंबित केले. त्या स्त्रीला काय सांगाल, असे वार्ताहरांनी विचारले तेव्हा, आपण सारे या परिस्थितीत सापडलो याचे वाईट वाटते, एवढेच ते बोलले. त्यांनी तिची माफी मागितली ती नंतर, टीका झाल्यावर. गुरुऋण फेडताना ते कोणाच्या पदरचे फेडतो आहोत, हे पाहावे लागते.

समारोप

या साऱ्यातून मी एक साधा भेद शिकलो. सांत्वन आणि साक्ष या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पडलेल्या मित्राच्या घरी जावे, त्याच्याजवळ बसावे, त्याला जेवू घालावे; ते सांत्वन, आणि त्याला कोणाची हरकत नसावी. पण तेच शब्द व्यासपीठावरून उच्चारले की ती साक्ष होते. बोलणाऱ्याचे पद त्या शब्दांच्या मागे उभे राहते आणि समोरच्या गर्दीत ज्याचा हात मोडला आहे तोही ते ऐकत असतो. म्हणून जाहीर बोलणाऱ्याने आधी त्याचे नाव घ्यावे, मग मित्राचे.

आमच्या सरांना मी वाईट म्हणत नाही. खो-खो मला त्यांनीच शिकवला. गेल्या दिवाळीत तो मुलगा एस. टी. स्टँडवर भेटला. चहा झाला, जुन्या सामन्यांच्या गोष्टी निघाल्या. अर्जाचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. गाडी लागली तेव्हा त्याने पिशवी डाव्या हाताने उचलली.

त्याच्या मनगटाची चौकशी मी अजून केलेली नाही. हा अंक हाती पडला की एक प्रत घेऊन त्याच्याकडे जाणार आहे.