रबरी बोटीला मोटर कोणती?



पंपाने हवा भरून फुगवायची रबरी बोट तुम्ही पाहिली असेल. तिला विजेची मोटर लावायची म्हटली की बहुतेक जण सर्वांत मोठी मोटर मागतात. पण बोट काठापासून दूर नेणे सोपे. समोरून वारा असताना परत आणणे अवघड. म्हणून 'किती वेगाने जाऊ?' याआधी 'परत येऊ ना?' हा प्रश्न सोडवावा. त्याला शाळेतले गणित पुरते.

१. वजन : बोट ४० किलो, दोन माणसे १४०, बॅटरी ३०, मोटर व सामान २०. एकूण २३० किलो.

२. रेटा : मोटरचा पंखा पाणी मागे ढकलतो, म्हणून बोट पुढे जाते. हा न्यूटनचा तिसरा नियम. ढोबळ हिशेब असा, की दर १०० किलो वजनाला किमान २ किलो रेटा हवा. म्हणजे येथे ४.६ किलो. मोटरवर रेटा पौंडांत लिहितात. त्या मापात सुमारे १० पौंड. हा आकडा शांत पाण्याचा. वाऱ्यासाठी तिप्पट धरू : ३० पौंड.

मग ६० पौंडांची मोटर घेतल्यास वेग दुप्पट होईल का? नाही. वेग दुप्पट करायला शक्ती सुमारे आठपट लागते. मोठी मोटर बॅटरी मात्र लवकर संपवते.

३. बॅटरी : १२ व्होल्टची ३० पौंडी मोटर पूर्ण वेगात सुमारे ३० अँपिअर प्रवाह घेते. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्मीच वापरावी, नाहीतर तिचे आयुष्य घटते. ५० ÷ ३०, म्हणजे फार तर दीड तास. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग असते, पण वजनाला निम्म्याहून कमी, आणि तिचा ८० टक्के भाग वापरता येतो. मोटारगाडीची बॅटरी घेऊ नये. ती गाडी सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी असते. वापरण्याजोग्या विजेचे तीन भाग करावेत : एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक राखीव.

४. सुरक्षा : किती माणसे, किती वजन आणि किती शक्तीची मोटर चालेल, हे बोटीवरच्या पट्टीवर लिहिलेले असते. ती मर्यादा मोडू नये. आपल्या बडोद्यात १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. म्हणून प्रत्येकाला जॅकेट, बॅटरीजवळ फ्यूज आणि बोटीत वल्ही हवीतच. मोटर बंद पडली तर वल्हीच काठाला आणतात.

स्वाध्याय : बोट ५० किलो, तीन माणसे २१०, बॅटरी १२, मोटर व सामान २८. किमान रेटा किती? पालकांसह सोडवा.
(उत्तर : ६ किलो, म्हणजे सुमारे १३ पौंड.)