मान डोलावली म्हणजे समजलं, असं नाही

अकोल्यात जठारपेठ, रामदासपेठ या भागांत दवाखाने, पॅथॉलॉजी आणि मेडिकलची दुकानं दाटीवाटीनं आहेत. बाळापूर, पातूर, अकोट, तेल्हाऱ्याकडचा माणूस डॉक्टरला दाखवतो, खालच्या मेडिकलमधून गोळ्या घेतो आणि शेवटची एसटी गाठायला निघतो. काउंटरवरचा मुलगा कात्रीनं पट्टी कापून चार गोळ्या देतो. त्या कापण्यात औषधाचं नाव एका तुकड्यावर राहतं, मुदतीची तारीख दुसऱ्यावर. कागदी पाकिटावर पेनानं ‘१-०-१’, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, असं लिहिलं जातं. ‘समजलं ना?’ असं विचारलं की समोरची मान डोलते. माझं म्हणणं एवढंच आहे, की या डोलणाऱ्या मानेवर कुणीही विसंबू नये. उपचार आजारी माणसाच्या घरी पार पडतो आणि तिथं वाचणं, मोजणं, वेळ सांभाळणं या साध्या गोष्टींवर तो तरतो किंवा बुडतो. त्या ज्याला जमत नाहीत किंवा परिस्थिती जमू देत नाही, त्याच्यासाठी चांगलं औषधही अर्धंच पोचतं.

याचा पुरावा दूरचा असला तरी नेमका आहे. अमेरिकेत २००६ साली ३९५ रुग्णांपुढे औषधांच्या बाटल्या ठेवून एक अभ्यास झाला. एका बाटलीवर सूचना होती : दोन गोळ्या, दिवसातून दोनदा. वाचन कच्चं असलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी ती सूचना बरोबर सांगितली. मात्र दिवसाच्या गोळ्या मोजून दाखवा म्हटल्यावर चार गोळ्या बाजूला काढणारे ३५ टक्केच निघाले. म्हणजे शब्द म्हणून दाखवणं वेगळं आणि त्यातला हिशेब करणं वेगळं. पुढच्याच वर्षी ३,२६० वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दवाखान्यातले कागद ज्यांना नीट वाचता येत नव्हते, त्यांच्यातले ३९ टक्के लोक साडेपाच-सहा वर्षांत दगावले होते, तर नीट वाचणाऱ्यांत हे प्रमाण १९ टक्के होतं. उत्पन्न, वय, आधीचे आजार यांचा हिशेब वजा केल्यावरही धोका दीडपट उरला. विशेष म्हणजे माणूस शाळेत किती वर्षं गेला, याचा तेवढा संबंध दिसला नाही. दाखल्यावरची इयत्ता पाहून कुणाला काय समजतं हे ठरवता येत नाही, ते त्यातून कळतं. अशा अभ्यासातून कार्यकारण पूर्ण सिद्ध होत नाही, हे मान्य. उतारवयात स्मरण ढासळलं की वाचनही ढासळतं. पण ज्याचं स्मरण ढासळतंय त्यालाच तर समजावून सांगण्याची जास्त गरज असते.

यावर पहिला आक्षेप येतो तो गरिबीचा. लोक आजारी पडतात ते पैसा नसतो म्हणून, अक्षर नसतं म्हणून नव्हे; अकोल्याच्या सरकारी सर्वोपचार रुग्णालयासारख्या ठिकाणी सोय वाढवा, बाकी आपोआप होईल. यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. ब्रिटनमध्ये १९४८ पासून उपचार मोफत आहेत, तरी आरोग्यातल्या विषमतेवरच्या १९८० च्या ‘ब्लॅक’ अहवालात वरच्या आणि खालच्या वर्गांतली मृत्यूची दरी बुजलेली दिसली नाही. उलट बाजूनं, नुसतं अक्षरही पुरत नाही, हे आपल्याच वऱ्हाडातल्या यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ च्या खरिपात दाखवलं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तिथं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोन असतो. त्याचा खालचा त्रिकोण लाल असेल तर औषध अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा असा उतरता क्रम. सोबत बारीक अक्षरांतली घडी घातलेली चिठ्ठी असते. आता पाहा, डबा विकत घेतो मालक, मिश्रण सांगतो दुकानदार आणि पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या कपाशीत शिरतो रोजंदारीचा मजूर. त्याच्या हाती चिठ्ठी येतच नाही. आली आणि वाचली, तरी ‘मास्क नाही तर फवारणार नाही’ म्हणायची त्याची ऐपत नसते, कारण उद्याची मजुरी बुडते. म्हणून कौशल्य आणि परिस्थिती यांतलं एक निवडा, असा हा प्रश्नच नाही. वाचता न येण्याचा फटका सर्वांत जास्त त्यालाच बसतो, ज्याला नकार देता येत नाही.

दुसरा आक्षेप घरोघरी ऐकू येतो : आमची आजी अंगठेबहाद्दर होती, नव्वदी गाठून गेली. गेली असेल. तिच्याबरोबरच्या ज्या बाया चाळिशीच्या आत गेल्या, त्यांची आठवण सांगायला कुणी उरलं नाही, इतकंच. शिवाय तिच्या काळी आजार यायचे आणि जायचे. आज रक्तदाब आणि साखर जन्मभर सोबत राहतात आणि रोज काहीतरी मोजायला लावतात. इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिट असलेलं इन्सुलिन मिळतं आणि १०० युनिट असलेलंही. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० चं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये विसाच्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात वीस नव्हे, पन्नास युनिट जातात. साखर इतकी खाली येते की माणूस बेशुद्ध पडावा. इथं पदवीधरही फसतो. हीच गोष्ट जुलाबावरच्या जलसंजीवनीच्या (ओआरएस) पुडीची. एक पुडी लिटरभर पाण्यासाठी, दुसरी पेलाभर, म्हणजे २०० मिलीसाठी. मोठी पुडी पेल्यात कालवली तर लेकराला पाण्याऐवजी मीठच जास्त जातं.

तिसरा आक्षेप असा, की हे सगळं आता जुनं झालं. २०११ च्या जनगणनेत अकोला जिल्ह्याची साक्षरता ८८ टक्क्यांच्या आसपास होती, घरात कुणीतरी शिकलेलं असतं आणि हातात मोबाइल आहे. पण औषधाच्या पट्टीवरचा मजकूर बहुतेक इंग्रजी असतो. मराठी सातवी शिकलेल्या माणसासाठी ती पट्टी कोरीच. शिकलेला मुलगा पुण्याला नोकरीला असतो आणि गोळी रात्री आठला घ्यायची असते. आणि मोबाइल विचारलेल्याचं उत्तर देतो. काय विचारायचं हेच उमगत नसेल तर तो काय करणार?

मग करायचं काय? वऱ्हाडाला याचं उत्तर परकं नाही. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात उपदेश ओतत नसत. प्रश्न टाकत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढत. डॉक्टरांनी, नर्सताईंनी, मेडिकलवाल्यांनी तेच करावं. ‘समजलं का?’ सोडून द्यावं आणि म्हणावं, ‘काका, घरी गेल्यावर काकूंना काय सांगाल, ते मला सांगा बरं.’ ओपीडीत रांग असते, वेळ नसतो, हे खरं; पण या प्रश्नाला अर्धं मिनिट लागतं आणि चुकीच्या डोसानं परत आलेल्या रुग्णाला त्याहून कितीतरी जास्त. पाकिटावर ‘१-०-१’ च्या जोडीला सूर्य आणि चंद्र काढावेत, पट्टी कापताना नाव आणि तारीख राहील असं पाहावं. घरच्यांनी आईबाबांवर खेकसू नये. खेकसल्यावर माणूस विचारणं बंद करतो आणि अंदाजानं गोळी घेतो. दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत न्याव्यात. इन्सुलिन घेताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दुकानातच जुळवून घ्यावा. ज्याला वाचता येत नाही त्यानं ‘चष्मा घरी राहिला’ असं न म्हणता ‘वाचता येत नाही, दाखवून द्या’ असं सरळ सांगावं. शंका राहिली तर १०४ क्रमांकावर आरोग्याचा सल्ला मिळतो. शेतमालकानं फवारणीआधी त्रिकोणाचा रंग मजुराला दाखवावा, चिठ्ठी मोठ्यानं वाचावी आणि हातमोजे-मास्क मजुरीतून न कापता द्यावेत. आणि प्रौढांसाठी ‘उल्लास’ या सरकारी कार्यक्रमाचे जे साक्षरता वर्ग चालतात, त्यांत सहीच्या जोडीला गोळीची पट्टी, पुडीवरचं मिली आणि डब्यावरचा त्रिकोण गिरवून घ्यावा. सही वर्षातून चारदा लागते, गोळी रोज. त्या वर्गावरचा खर्च शिक्षणाच्या खात्यात मांडला जातो. खरं तर तो आरोग्याच्या खात्यातही मांडायला हवा.