भिंतीतील ग्रंथकपाट

घरातील ग्रंथसंग्रहासाठी भिंतीच्या अंगाने कायमचे कपाट बांधून घ्यावे अशी इच्छा ज्या गृहस्थाच्या मनात उत्पन्न होते, तो बहुधा प्रथम त्याच्या दर्शनी भागाचा, रंगाचा, दारांचा आणि काचांचा विचार करतो. आणि मक्तेदार त्याच्यापुढे जो नकाशा ठेवतो, तोही याच दर्शनी भागाचा असतो. परंतु अशा कपाटाचे आयुष्य ठरते ते त्याच्या पाठीमागे, जिथे काम पुरे झाल्यावर कोणाचीही दृष्टी पोहोचत नाही. रत्नागिरीतील आमच्या जांभ्या दगडाच्या घरात जे घडले ते तपशीलवार नमूद करण्याचा हेतू एवढाच, की ज्यांनी अद्याप विसार दिलेला नाही त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

वडिलांच्या पश्चात जो संग्रह माझ्या स्वाधीन झाला, त्यात केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड आणि जुन्या मासिकांचे बांधीव अंक होते. वडिलांच्या हयातीत ते सर्व एका सुट्या सागवानी कपाटात असत. त्या कपाटाचे पाय वीतभर उंच, पाठ भिंतीपासून चार बोटे अलग आणि दारांना जाळी, अशी त्याची ठेवण असल्यामुळे, रत्नागिरीस वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस त्या पुस्तकांना कधी बाधला नाही. पुढे संग्रह वाढला, जागा अपुरी पडू लागली, तेव्हा बैठकीच्या खोलीची पश्चिमेकडील संपूर्ण भिंत, जमिनीपासून छतापर्यंत, एका मक्तेदारास कपाटासाठी दिली. त्याच्या अंदाजपत्रकात साहित्यासंबंधी एकच कलम होते: उत्तम प्रतीचे प्लायवूड.

काम देखणे झाले, यात वाद नाही. पण दुसऱ्या पावसाळ्यात मधल्या फळ्यांना असा बाक आला, की काचेची सरकती दारे चौकटीत अडकू लागली. आणि खालच्या खणातून ज्ञानकोशाचा एक खंड काढू गेलो, तेव्हा त्याच्या कापडी बांधणीवर पांढरी बुरशी आणि मागच्या कडेला मातीचा लेप आढळला. कपाटाची पाठ उचकटल्यावर सर्व उलगडा झाला. ती पातळ पाठ थेट गिलाव्याला ठोकलेली होती. नैर्ऋत्येचा पाऊस सच्छिद्र जांभ्यात मुरून त्याची ओल तिच्यात उतरली होती, आणि जोत्यापासून निघालेली वाळवीची सुतळीएवढी मातीची नळी तिच्यामागून वर चढत गेली होती. बाहेरचा सनमायका मात्र तुळतुळीत. आतले लाकूड खाऊन वाळवीने तेवढे कवच शिल्लक ठेवले होते. बाक आलेली फळी कापून पाहिली, तर तिच्या पोटात प्लायवूडचे थर नव्हतेच, दाबून बसवलेला लाकडाचा भुसा होता. मक्तेदाराकडे तगादा लावला. पण लेखी तपशील नसल्यामुळे त्याची कैफियत अशी, की उत्तम प्रतीचे म्हणतात ते हेच.

तेव्हा भिंत आधी पारखावी, आणि ती भर पावसाळ्यात पारखावी. हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवून दोन दिवस ठेवला, तर ओलीचा दाखला मिळतो: आतल्या बाजूस दव जमले तर पाणी भिंतीतून येत आहे, बाहेरच्या बाजूस जमले तर ते हवेतले आहे. बाहेरची, त्यातही पश्चिमेची किंवा न्हाणीघराला लागून असलेली भिंत शक्यतो वर्ज्य करावी. दुसरी भिंत उपलब्धच नसेल, तर पाठ आणि भिंत यांत दोन इंचांची पोकळी राखून तिला तळाशी व माथ्याशी वारा खेळण्यास वाट ठेवावी, आणि जोत्यालगत वाळवीप्रतिबंधक औषध कपाट बसवण्यापूर्वीच टोचून घ्यावे. हवेतील आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी धरतेच. म्हणून पूर्ण बंद काचेपेक्षा झरोके असलेली दारे कोकणात अधिक हितकारक.

फळीचा विषय मात्र अधिक विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण पुस्तकांच्या भाराची कल्पना सुतारास सहसा नसते. साध्या पुस्तकांच्या एक फूट रांगेचे वजन सुमारे १० किलो भरते. म्हणजे चार फुटी फळीवर ४० किलोंचा भार रात्रंदिवस उभा असतो, आणि मोठ्या खंडांचा याहूनही अधिक. दोन आधारांमधील अंतर वाढले की बाक त्याच प्रमाणात न वाढता त्या अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे जाडी तीच ठेवून अडीच फुटांऐवजी चार फुटांचा गाळा ठेवला, तर फळी जवळजवळ साडेसहा पट वाकते. आमच्याकडे गाळे चार फुटांचेच होते. उलट जाडी १८ ऐवजी २५ मिलिमीटर केल्यास बाक एकतृतीयांशाच्या आसपास उतरतो. १८ किंवा १९ मिलिमीटरच्या प्लायवूडला अडीच फुटांपलीकडे जाऊ देऊ नये, आणि पुढच्या कडेला दीड इंच उंचीची सागवानी पट्टी उभी बसवून घ्यावी. ती शोभेसाठी आहे असे मिस्त्री म्हणेल, पण फळीला खरे बळ तीच देते. डेमी आकाराच्या पुस्तकाची उंची साडेआठ इंच असते, त्याला दहा इंची खण पुरतो. तरी फळ्या वरखाली सरकवता येतील अशी भोके ठेवावीत, कारण संग्रह वाढता असतो.

करारनाम्याचा मसुदा स्वतः करावा. त्यात प्रत्येक फळीची जाडी, गाळ्याचे अंतर आणि प्लायवूडची प्रत लिहावी: ओलीच्या जागी आय. एस. ७१०, म्हणजे मरीन, आणि कोरड्या खोलीत किमान आय. एस. ३०३ मधील बी.डब्ल्यू.आर. करवत लागण्यापूर्वी प्रत्येक तक्त्यावरचा शिक्का डोळ्यांनी पाहावा. सनमायका चढल्यावर तो कोणासही दिसत नाही. शेवटचा हप्ता एक पावसाळा उलटल्यावर देण्याची अट घालावी. ती अमान्य करणाऱ्यास काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि ज्यांच्या घरी असे कपाट आधीच उभे आहे, त्यांना एक विनंती: या पावसाळ्यात तळच्या खणातील पुस्तके बाहेर काढून त्याच्या पाठीवर बोटाने ठोकून पाहा. आवाज पोकळ आला, तर मिस्त्रीस बोलावण्याआधी पुस्तके तेथून हलवा.