द्राक्षवेलीला वर्षातून दोनदा कात्री का लागते?

आमचे गाव सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात आहे. वडील फौजेत असल्याने घरची द्राक्षबाग चुलते पाहतात. बंगळूरला शिकायला आल्यावर मी येथील बाजारात प्रथमच जांभळी-काळी, गोल आणि बियांची द्राक्षे पाहिली. आमच्याकडची द्राक्षे हिरवी-पिवळसर, लांबट आणि बिनबियांची असतात. एकाच दख्खनच्या पठारावर इतका फरक का, याचा शोध घेताना जे समजले ते येथे मांडत आहे.

द्राक्षवेल मूळची थंड हिवाळ्याच्या प्रदेशातील. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेला जॉर्जियात सुमारे ८००० वर्षांपूर्वी द्राक्षांपासून मद्य करत असल्याचे पुरावे मिळाले आहेत. तेथे हिवाळ्यात वेलीची पाने गळतात, वेल झोपी जाते आणि वसंतात पुन्हा फुटते. त्यामुळे शेतकऱ्याला वर्षातून एकदाच छाटणी करावी लागते. आपल्याकडे एवढी थंडी पडत नाही, त्यामुळे वेल झोपतच नाही. तिला मोकळे सोडले तर नुसता पाला वाढतो.

तरीही द्राक्षे दख्खनला नवी नाहीत. चौदाव्या शतकात, महंमद तुघलकाच्या काळात, मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला होता. तेथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद त्याने केली आहे.

आज महाराष्ट्रातील बागायतदार छाटण्या दोन करतात, पण पीक एकच घेतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तेव्हा वेल बोडकी दिसते. उन्हाळ्याच्या कडक उन्हात नव्या काड्या फुटतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची सूक्ष्म सुरुवात होते. हे घड डोळ्यांना दिसत नाहीत, पण वर्षाचे पीक तेव्हाच ठरते. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते आणि तेच घड बाहेर पडतात. तेथून सुमारे चार महिन्यांत माल तयार होतो. जे काम तिकडे निसर्ग करतो, ते आपल्याकडे कात्री करते.

वाणांचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. पूर्वी महाराष्ट्रात भोकरी, फकडी अशी द्राक्षे होती. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी निवडलेले वाण ‘चीमा साहेबी’ या नावाने प्रसिद्ध झाले. नंतर बिनबियांचे थॉमसन सीडलेस आले आणि चित्रच पालटले. त्याच थॉमसनच्या वेलींवर कधी कधी एखादी फांदी वेगळी फळे देते. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी असा बदल हेरून ती काडी वाढवली. ‘तास-ए-गणेश’ या नावात तासगाव आणि आर्वे दोन्ही आहेत. सोलापूर, नान्नज आणि काळे यांची आद्याक्षरे जोडून ‘सोनाका’ हे नाव झाले. ते वाण नानासाहेब काळे यांच्या बागेतले. ही वाणे प्रयोगशाळेत नव्हे, तर बागेत रोज फिरणाऱ्यांच्या नजरेला सापडली. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ साली, म्हणजे बऱ्याच नंतर सुरू झाले.

आता बंगळूरच्या द्राक्षांकडे वळू. ‘बंगळूर ब्लू’ हे वाण युरोपीय आणि अमेरिकी द्राक्षांच्या संकरातून आलेले आहे. साल जाड, वास उग्र-गोड, रस भरपूर. बंगळूर ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर आणि कोलार भागात ते पिकते. येथील सौम्य हवेत आणि वाणाच्या काटकपणामुळे शेतकरी दोन छाटण्यांवर दोन पिके घेतात. २०१३ साली या द्राक्षाला भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या सांगलीच्या बेदाण्याला ते २०१६ साली मिळाले.

आमच्या थॉमसनच्या जातीला मात्र हा काटकपणा नाही. फळछाटणीनंतर कोवळी फूट आणि फुलोरा असताना पाऊस झाला, तर दावण्या रोग येतो आणि घड कुजतात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात असाच अवकाळी पाऊस झाला. मी तेव्हा गावच्या शाळेत होतो. चुलते रोज सकाळी फवारणीचा पंप जोडत, आणि दुपारी पाऊस ते औषध धुऊन नेई. त्या हंगामात अर्ध्याहून अधिक घड गळून गेले. खते, औषधे आणि मजुरी यांचा खर्च मात्र पूर्ण झाला होता. कर्जाचा हप्ता भरण्यासाठी आजीने पाटल्या मोडल्या.

त्यानंतर घरात बाग काढून ऊस लावायची चर्चा झाली. उसाला डोके कमी लागते, पण पाणी फार लागते, आणि आमच्या विहिरीला मार्चनंतर तेवढे पाणी नसते. शेवटी चुलत्यांनी बागेचे दोन भाग केले. एका भागाची छाटणी सप्टेंबरअखेर आणि दुसऱ्याची त्यानंतर तीन आठवड्यांनी, म्हणजे एकाच पावसात सगळी बाग सापडत नाही. विक्रीला न गेलेल्या द्राक्षांचा ते बेदाणा करतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो.

मित्रांनो, रविवारी बाहेर जाल तेव्हा बंगळूर ब्लूचा एक मणी सोलून पाहा. साल गरापासून चटकन सुटते. अमेरिकी रक्ताची ती खूण आहे. आमच्या थॉमसनची साल अशी सुटत नाही. या दिवाळीच्या सुटीत मी गावी जाईन, तेव्हा आमचा दुसरा भाग नुकताच छाटून झालेला असेल. चुलत्यांनी त्यातली एक ओळ माझ्यावर सोपवली आहे.