पावसाळ्यात गॅसिफायर रुसतो

प्रश्न : कामशेतला आमची बेकरी आहे. गॅसिफायरमध्ये सुबाभळीचे तुकडे जाळतो. पावसाळ्यात ज्योत विझते, पाइपात डांबर साचते. काय करावे?

उत्तर : बहुधा लाकूड ओले आहे. ताज्या लाकडात जवळपास निम्मे पाणी असते. डाउनड्राफ्ट, म्हणजे वायू खाली ओढणाऱ्या, गॅसिफायरला ते 20 टक्क्यांच्या आत हवे. नाहीतर पाणी उडवण्यातच निखाऱ्यांची धग खर्ची पडते आणि डांबर जळायचे राहते. मावळात जूननंतर लाकूड वाळत नाही. म्हणून तोड दिवाळीनंतर करा, तुकडे लगेच पाडा, उन्हाळाभर वाळवून मेअखेर शेडमध्ये फळ्यांवर रचा. ओलावा तपासायला एक किलो तुकडे शंभर अंशांच्या किंचित वर, वजन घटायचे थांबेपर्यंत ओव्हनमध्ये ठेवा. 800 ग्रॅम उरले, तर ओलावा 20 टक्के.

तुकडा काडेपेटीएवढा असावा. भुसा चाळून काढा, त्याने हवा अडते. लांब काटक्या आडव्या अडकून पोकळी करतात. फलटणच्या निंबकर संस्थेने उसाच्या पाचटावर गॅसिफायर चालवला, पण तो त्यासाठीच घडवला होता. तुमच्यात पाचट घालू नका.

गॅसिफायरमधून निघणाऱ्या वायूतल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाऊस असला तरी खिडक्या उघड्याच ठेवा.